योग नाही, की मुलीच नाहीत?

अंबाजोगाई

प्रिय मित्रा,


गावाकडची खबरबात विचारलीस. ज्या घरात जावं तिथं सध्या एकच विषय, पोरांची लग्नं! परवा भाचा बायोडेटा घेऊन आला. पाच एकर जमीन, विहिरीला पाणी, रास, नाडी, सगळं टाइप केलेलं. खाली 'अपेक्षा' : स्वजातीय, पोटजातही तीच, पदवीधर, पत्रिका जुळणारी, गावी राहायला तयार. "मामा, तुम्ही गणित शिकवता. माझं कितपत जमेल सांगा," म्हणाला.

मी वहीच काढली. एकेक अट निम्म्या स्थळांना बसते असं धरलं, तरी पाच अटींनंतर 32 स्थळांत एक उरतं. पोरगं हबकलं. मग त्याला पीटर बॅकसची गोष्ट सांगितली. इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या या गड्यानं 2010 साली, परग्रहांवरच्या प्रगत संस्कृती मोजायचं ड्रेकचं समीकरण स्वतःच्या प्रेमाला लावलं. अख्ख्या लंडनमध्ये त्याच्याजोग्या निघाल्या 26 जणी! आम्ही दोघं पोट धरून हसलो. भाच्यानं पोटजात आणि पत्रिका तिथंच खोडली. 32 चे 8 झाले.

पण अपूर्णांक गुणण्याआधी मुळात मुली किती, ते बघायला हवं. भाच्याच्या बरोबरीची लेकरं 2001 च्या जनगणनेत मोजली गेली. तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या. 2011 मध्ये उरल्या 807, राज्यात सर्वांत कमी. म्हणजे त्याच्या धाकट्या भावाचं गणित आणखी अवघड. त्या सगळ्या मुलींनी जिल्ह्यातच लग्न केलं, एकही बाहेर गेली नाही, तरी हजारातली 193 पोरं बिनलग्नाची राहतात. पाचात जवळपास एक. गर्भलिंगनिदानाला 1994 च्या कायद्यानं बंदी असूनही ही वजाबाकी झाली, आणि ती ग्रहांनी नव्हे, माणसांनी केली.

मुलगी जन्मावी ती तिच्या स्वतःसाठी, कुणाच्या पोराला बायको मिळावी म्हणून नव्हे, हे मी भाच्यालाही बजावलं. तुला गावाहून फोन येतात. "पोराचा योगच नाही" असं कुणी म्हणालं, तर 894 आणि 807 हे दोन आकडे तेवढे सांग. तुझा शब्द गावात अजून मानतात.

तुझा,
बाळू