घाटात आधी पकड, मग ताकद

भुसावळकडच्या सपाट मार्गावर सहायक लोको पायलट म्हणून काम केल्यावर जुलैत मी रोड लर्निंगसाठी, म्हणजे नवा मार्ग शिकायला, कसाऱ्याला आलो. तोवर माझी समजूत साधी होती: जितके हॉर्सपॉवर जास्त, तितका लोड जास्त. कसारा आणि इगतपुरीमधल्या थळ घाटाने पहिल्याच दिवशी ती मोडली.

कंटेनरची मालगाडी उभी होती. पुढे इंजिन होतंच, तरी मागून आणखी इंजिनं लागली. त्यांना बँकर म्हणतात. मी त्यातल्याच एका डब्ल्यूएजी-7 या विजेच्या इंजिनात चढलो. समोर फक्त गार्डच्या डब्याची पाठ दिसत होती. पाच हजार हॉर्सपॉवरचं इंजिन असताना एवढा ताफा कशाला, हे मला उमगेना.

लोको पायलट साहेबांनी ड्युटीच्या वहीच्या पाठीवर हिशेब मांडला. ‘‘इथे चढ 37 ला 1. म्हणजे 37 मीटर पुढे जाताना एक मीटर वर. सपाटीवर एक टन ओढायला दोन-तीन किलोचा जोर पुरतो, इथे तीस किलो लागतो. इंजिनाचं वजन 123 टन. रुळावर चाकाची पकड मिळते वजनाच्या साधारण पाव, म्हणजे तीस टन. आता भाग दे.’’

उत्तर आलं हजार टन, तेही इंजिनाचं वजन धरून. मी दोनदा भाग दिला. सपाटीवर याच हिशेबाने दहा हजार येतात.

‘‘मग सगळी इंजिनं पुढेच का नाही लावत?’’

‘‘सगळा ताण पहिल्या कपलरवर येईल. तो तुटला तर डबे मागे सुटतील. मागून रेटलं की ताण वाटला जातो.’’

गाडी हलली. पावसाने रूळ ओले होते. एका वळणावर चाकं जागीच गरगरली, अँपिअरचा काटा थरथरला. मला वाटलं, आता साहेब नॉच, म्हणजे जोराचा टप्पा, वाढवतील. त्यांनी उलट दोन नॉच कमी केले आणि वाळू सोडली. चाकांखाली करकर आवाज झाला, पकड आली, मग एकेक नॉच पुन्हा वर. जोर कमी केल्यावर गाडी चढते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

इगतपुरीला उतरल्यावर साहेब म्हणाले, ‘‘चढणं अर्धंच काम. घाट उतरताना ब्रेक आधी तपासायचा, मग गाडी सोडायची.’’ ब्रेक हुकलेली गाडी चढावर नेऊन थांबवणाऱ्या कॅच सायडिंग याच घाटात आहेत.

1865 साली हा घाट रेल्वेला खुला झाला. वाफेची इंजिनं गेली, विजेची आली. चढ मात्र तेवढाच आहे. माझ्यासारख्या नव्या मुलांना एवढंच सांगेन: घाटासाठी इंजिन ठरवताना आधी त्याचं वजन आणि पकड बघा, मग ब्रेक, आणि हॉर्सपॉवर सगळ्यात शेवटी.