रेडिओच्या पोटातली अस्सलता

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ विकायला निघाला की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सगळं ओरिजिनल आहे ना?’ बदललेला प्रत्येक भाग म्हणजे वस्तूला लागलेला बट्टा, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. मला ते पटत नाही. रेडिओ शोभेला घडवलेला नव्हता. वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ वाजलेला रेडिओ आतून जसाच्या तसा राहूच शकत नाही. आणि राहिला असेल, तर तो बहुधा फारसा वाजलेलाच नाही. व्हॉल्व्हचंच पाहा. तो झाळलेला नसतो, सॉकेटमध्ये नुसता खोचलेला असतो. म्हणजे हा कधीतरी जाणार आणि दुसरा बसवावा लागणार, हे बनवणाऱ्यानंच धरलेलं होतं. परदेशातून आलेल्या रेडिओत बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा व्हॉल्व्ह सापडला, तर त्याचा अर्थ एवढाच की तो इथं दुरुस्त झाला आणि पुढंही बोलत राहिला.

तरीही मूळचं कुठलं आणि मागाहून आलेलं कुठलं, हे ओळखता आलंच पाहिजे, कारण रेडिओचं आयुष्य वाचायची लिपी तीच आहे. चॅसिस, म्हणजे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, खोक्यातून काढून उलटी केली की ही लिपी दिसू लागते. कारखान्यात बरेच भाग रिव्हेटनं ठोकून बसवत. तिथं नट-बोल्ट दिसला की कुणाचा तरी हात फिरलाय. कारखान्यातली तार टॅगला नीट वेढा घालून मग झाळलेली असते, तर घाईतला मेकॅनिक जुन्या कंडेन्सरचे पाय अर्ध्यावर कापून त्या खुंटांवरच नवा डकवतो. पत्र्यावर धुळीत स्वच्छ चौकोन उमटला असेल, तर तिथं पूर्वी दुसरं काहीतरी होतं. सर्वांत बोलका पुरावा मात्र व्हॉल्व्हच्या नावातल्या आकड्यांचा. ईसीएच ३५ हा जाड बुडाचा, आठ पिनांचा ऑक्टल. ईसीएच ४२ हा रिमलॉक धाटणीच्या बुडाचा. ईसीएच ८१ नऊ पिनांचा नोव्हल. काम तिघांचं तेच, पिढ्या वेगळ्या. ऑक्टलच्या मोठ्या भोकावर पत्र्याची चकती बसवून, तिच्यात नऊ पिनांचं सॉकेट घातलेलं दिसलं की समजावं, जुना व्हॉल्व्ह मिळेना तेव्हा कुणीतरी रेडिओ भंगारात जाऊ दिला नाही. एवढ्या कौशल्याला ‘नकली’ कसं म्हणायचं?

यावर संग्राहक विचारेल, मग काहीही बदललं तरी चालेल का? मुळीच नाही. गरजेपोटी बदललेलं आणि देखणेपणासाठी बदललेलं, यांत फरक करावाच लागतो. डायलच्या काचेवरची स्टेशनांची नावं हा रेडिओ कुठल्या श्रोत्यांसाठी बनला ते सांगतात. ती जोरात पुसून घालवणं आणि वर चकचकीत नक्कल लावणं, हे नुकसान कशानंच भरून येत नाही. स्पीकरवरचं विटलेलं कापड काढून जरीचं लावणंही तसंच. मूळ रंग पाहायचाच असेल तर लाकडी पट्टीखाली दबलेली, ऊन न लागलेली कड पाहावी.

उलट मेणकागदाचा कंडेन्सर मूळचा आहे म्हणून जपणं घातक असतं. आपल्या दमट हवेत तो कागद ओल धरतो आणि आतून गळू लागतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कंडेन्सर गळला की ग्रिडवर नको तो धन विद्युतदाब येतो, व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. एका स्वस्त भागाच्या अस्सलपणापायी मिळायला अवघड असलेला भाग गमवायचा, हे कसलं जतन? काहीजण जुन्या कंडेन्सरची नळी पोकळ करून नवा आत लपवतात. ही फसवणूक आहे, असा आक्षेप इतर घेतात. लपवून विकलं तर ती आहेच. पण कुठला भाग केव्हा आणि का बदलला ते कागदावर लिहून मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं आणि नळीतून काढलेला जुना गाभा छोट्या पिशवीत घालून खोक्यातच बांधून ठेवला, तर माझी काही तक्रार नाही.