स्वस्थ कोणास म्हणावे?

सुश्रुतसंहितेत स्वस्थ पुरुषाचे लक्षण सांगताना ग्रंथकार दोष, अग्नी व धातू यांच्या समतेवरच थांबत नाही. आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही तो आवश्यक मानतो. स्वतःच्या ठायी जो स्थिर, तो स्वस्थ, अशीच या शब्दाची व्युत्पत्ती आहे. वर्गात कित्येक वर्षे शिकविलेल्या या शब्दाचा प्रत्यय आम्हांस सन २०२० च्या टाळेबंदीत आला.

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याच्या टोकाचा, गुजरातेस लागून असलेला डोंगराळ तालुका. त्या मार्च महिन्यात एस.टी. थांबली, तेव्हा एचआयव्हीची बाधा असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आम्हांस काळजी वाटली. कारण त्याचे औषध नाशिकहून येई. सन २००४ पासून हे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते. ते नित्य घेतल्यास विषाणू इतका दबतो की तपासणीत आढळत नाही, आणि ही स्थिती टिकून राहिल्यास शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्यास लागत नाही. मात्र वरचेवर खंड पडल्यास तो पुन्हा उसळतो व औषधास दाद देईनासाही होतो.

सुदैवाने त्यास तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या. तरी त्याची झोप उडालीच. "गुरुजी, गोळी होती, ती घेण्यापुरता एकान्त नव्हता," असे तो पुढे आम्हांस म्हणाला. पत्नीखेरीज घरात कोणास ठाऊक नव्हते, आणि टाळेबंदीमुळे सारे कुटुंब आठही प्रहर घरात. गोठ्यात जाऊन तो गोळी गिळी. गावात कोणी 'पॉझिटिव्ह' निघाला की त्याच्या ताटवाटीची चर्चा घरात रंगे. हा खाली मान घालून जेवे. करोनातून उठलेल्या शेजाऱ्यास घरच्यांनी ओवाळून आत घेतलेले पाहून त्याच्या मनात आले, 'आपले चौदा दिवस कधी संपणार?' हे सारे त्याच्या अनुमतीनेच आम्ही येथे लिहीत आहो.

यावर उपाय म्हणून घरोघर चौकशी सुरू करावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सन २०१७ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयाच्या आदेशावाचून कोणासही ही बाधा उघड करण्यास भाग पाडता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांस एक गोष्ट सहज करता येईल. एका पंक्तीस जेवल्याने, एका तांब्याचे पाणी प्याल्याने, स्पर्शाने वा एका अंथरुणावर निजल्याने हा विषाणू लागत नाही, हे त्यांनी मुलासुनांच्या देखत स्पष्ट बोलून दाखवावे. ज्यास सांगावयाचे असेल त्यास मग वाट सापडेल. ज्यास सांगावयाचे नसेल त्यासही निदान घासागणिक दचकावे लागणार नाही. मन फारच खचल्यास एचआयव्हीविषयी १०९७ व मानसिक आधारासाठी १४४१६ या क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो.

औषध सरकार देते. मनाची प्रसन्नता मात्र माजघरातच मिळावयाची, आणि ती देण्यास घरास कवडीचाही खर्च नाही.