काउंटरवरची जागा

न्यू जर्सीतील आमच्या घराजवळचे डायनर बंद झाले, तेव्हा आम्हां उभयतांना झालेली हळहळ आम्हालाच अनपेक्षित होती. एका उपाहारगृहासाठी इतके वाईट वाटावे? आणि तेही ज्याची ख्याती हॅम्बर्गरची, अशा? पण नव्वदच्या दशकात येथे आलो तेव्हा या परक्या गावात आम्हाला नावाने ओळखणारी पहिली जागा तीच होती.

तेथला हॅम्बर्गर जुन्या पद्धतीचा. खिम्याचा गोळा तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकायचा, उलथन्याने दाबून चपटा करायचा आणि कडा खरपूस होईपर्यंत हलवायचा नाही. वर कांद्याच्या पातळ चकत्या आणि त्यांच्याच वाफेवर मऊ होणारा पाव. हे सारे काउंटरवर बसलेल्या गिऱ्हाइकासमोर. या 'समोर'ला इतिहास आहे. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या मांस-उद्योगातील घाण वेशीवर टांगली आणि खिम्यावरचा लोकांचा विश्वास आणखीच उडाला. १९२१ साली कॅन्ससमधील विचिटा येथे सुरू झालेल्या व्हाइट कॅसलने पांढरीशुभ्र दुकाने थाटून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाजलेला हॅम्बर्गर पाच सेंटांना विकला आणि तो विश्वास परत मिळवला. पुढे १९४८ मध्ये मॅक्डॉनल्ड बंधूंनी सॅन बर्नार्डिनोतील आपल्या स्वयंपाकघराला कारखान्याची शिस्त लावली. वेळ वाचला, दर उतरला. काउंटरवर रेंगाळणे मात्र संपले. गंमत अशी, की डायनर ही वास्तूच मुळात कारखान्यात बनत असे. न्यू जर्सीत तयार झालेली, आगगाडीच्या डब्यासारखी दिसणारी ही उपाहारगृहे दूरदूरच्या गावी वाहून नेली जात. म्हणजे यंत्रयुगाशी वैर नव्हते. फरक तव्यामागच्या माणसाचा होता.

आमच्या डायनरच्या मालकीणबाई ग्रीसमधून आलेल्या. एकदा आई भारतातून आल्या असताना आम्ही त्यांना तेथे नेले. त्याच तव्यावर गोमांस भाजतात हे पाहून आईंनी नुसते पाणी मागितले. मालकीणबाई काही न बोलता आत गेल्या आणि वेगळ्या भांड्यात भाजलेले चीज सँडविच घेऊन आल्या. आमच्याकडे वळून 'नेहमीचेच ना?' असे त्यांनी त्या दिवशी विचारले नाही. आई असेपर्यंत कधीच विचारले नाही.

या आठवणींत रमताना दाताखाली खडा येतो तो असा. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातील काउंटरवर जाऊन बसले. त्यांना कॉफी नाकारण्यात आली. ते दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. अशा अनेकांच्या झुंजीतून १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला. त्याच वाऱ्यात १९६५ च्या कायद्याने देशनिहाय कोट्याची पद्धत मोडली आणि आमच्यासारख्यांना या देशाचे दार उघडले. ज्या स्टुलावर बसून आम्ही 'जुने दिवस' आळवतो, त्या जुन्या दिवसांत ते स्टूल सर्वांचे नव्हते. हे आम्हाला इतक्या उशिरा सुचावे याची लाज वाटते. कारण चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवणारी गावे आमच्याच मुलखातली.

म्हणून हळहळ खोटी ठरते असे नाही. मात्र आपण नेमके कशासाठी हळहळतो, हे स्वतःला नीट विचारावे लागते. पाच सेंटांच्या काळासाठी नव्हे. न मागता वेगळे भांडे काढणाऱ्या हातासाठी.

शेवटच्या रविवारी आम्ही गेलो. मालकीणबाईंनी आईंची चौकशी केली. आई जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्या क्षणभर थांबल्या, आत गेल्या आणि चीज सँडविच आणून आमच्यामध्ये ठेवले. ते आम्ही अर्धे अर्धे खाल्ले. हॅम्बर्गर मागवायचा राहूनच गेला.