खंदकाच्या गावातले निकिफोरोस

पिरेअसहून रात्री सुटलेली बोट पहाटे क्रीट बेटावर, हिराक्लिओनच्या धक्क्याला लागली. चढण चढून सिंहांच्या कारंज्यापाशी आलो आणि बुगात्सा मागवली. पातळ पापुद्र्यांत रव्याचं गरम सारण, वर पिठीसाखर आणि दालचिनी. साटोरीची चुलत बहीणच.

शेजारच्या चौकाला निकिफोरोस फोकासचं नाव आहे. ग्रीकमध्ये निकिफोरोस म्हणजे विजय आणणारा. या नावाचे बायझंटाइन सम्राट तीन, सरदार तर पैशाला पासरी.

नवव्या शतकात इथे अरबांनी तटाभोवती खंदक खणला आणि गावालाही तेच नाव पडलं. ग्रीकांनी त्याचं ‘खांदाकस’ केलं, व्हेनिसवाल्यांनी ‘कांदिया’. आपला खंदकही त्याच अरबी शब्दाचा! आज दिसतो तो तट आणि खंदक व्हेनिसच्या काळातला. त्या खंदकात आता उन्हाळ्यात नाटकं होतात.

960 मध्ये बायझंटाइन सेनापती फोकास अरबांविरुद्ध इथे उतरला. हिवाळाभर वेढा चालला आणि मार्च 961 मध्ये शहर पडलं. दोन वर्षांनी तो सम्राट झाला, पण राहणी बैराग्याची. डिसेंबर 969 मध्ये मारेकरी रात्री शयनगृहात शिरले तर पलंग रिकामा! कट फुटला म्हणून त्यांची गाळण उडाली. सम्राट खाली जमिनीवर झोपला होता. मारेकऱ्यांचा म्होरक्या त्याचा सख्खा भाचा, योहान त्झिमिस्केस. राणी थिओफानोही कटात होती.

पहिल्या निकिफोरोसची गत याहून वाईट. 811 मध्ये तो बल्गेरियात मारला गेला आणि क्रुम खानाने त्याच्या कवटीला चांदी मढवून प्याला केला.

खरी धमाल 1078 ची. गादीवर निकिफोरोस बोटानियातिस. त्याच्याविरुद्ध उभा निकिफोरोस ब्रिएनिओस; तो हरला, त्याचे डोळे काढले. मग निकिफोरोस बासिलाकिस. त्याचेही डोळे गेले. 1080 मध्ये निकिफोरोस मेलिसिनोस उठला. दोन्ही आंधळ्यांना रणात हरवणारा सेनापती मात्र अलेक्सिओस कोम्निनोस, आणि 1081 मध्ये गादी त्यानेच घेतली. बोटानियातिस मठात गेला.

पुढे याच अलेक्सिओसने आपली लेक आन्ना ब्रिएनिओस घराण्यातच दिली. जावयाचं नाव अर्थात निकिफोरोस! त्याने इतिहास लिहिला. सासऱ्याने आपल्या घराण्याचा केलेला पराभवही त्यात सविस्तर मांडला.