निफाडची थंडी आणि तो गरम पेला

मैत्रिणींनो, नाशिक म्हटलं की सगळ्यांना रामकुंड, पंचवटी नि त्र्यंबकेश्वर आठवतं. आमच्याकडे पाहुणे येतात तेही मे महिन्याच्या सुट्टीत नाहीतर श्रावणात. पण आमच्या जिल्ह्याचा खरा रंग बघायचा असेल ना, तर पौषात या, आणि नाशकात न थांबता तसंच पुढे निफाडला चला. मात्र स्वेटर, मोजे, कानटोपी विसरू नका बरं का!

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की चांदोरी मागे पडतं आणि तासाभरात निफाड येतं. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, मध्ये कांद्याची नि गव्हाची हिरवीगार शेतं. इथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर थंडीची नोंद होते, आणि हिवाळ्यात वर्तमानपत्रात निफाडचं नाव बरेचदा महाबळेश्वरच्याही आधी येतं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. निरभ्र आभाळ, पडलेला वारा आणि उघडं रान, यामुळे रात्री जमिनीची ऊब भराभर निघून जाते.

ही थंडी गव्हाला मानवते, पण द्राक्षाला नाही. मण्यांची फुगवण थांबते, साखर भरायला उशीर होतो, मणी तडकतात. म्हणून बागाईतदार रात्री दोन-तीनला उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात. ते हवेपेक्षा कोमट असतं. वेलींच्या ओळींमधून धूर पसरलेला, मधूनच जाळाचा लाल ठिपका, असं ते दृश्य एकदा तरी बघावं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही आमच्या चुलत दिरांकडे दोन दिवस मुक्कामाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना नांदूरमधमेश्वरचे पक्षी दाखवायचे होते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा जलाशय. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. सोबत ह्यांचे इंग्लंडला राहणारे मावसभाऊ होते. संध्याकाळी हात चोळत ते म्हणाले, “वहिनी, तिकडे अशा थंडीत आम्ही गरम पाण्यातली व्हिस्की घेतो. टॉडी म्हणतात तिला.” मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे शब्द दिसला की त्याच्या मागे लागायची खोड! हा ‘टॉडी’ म्हणजे मूळ आपली ताडीच. इंग्रज तो शब्द इथून घेऊन गेले आणि पुढे तिकडे तो गरम पाणी, साखर घातलेल्या दारूला चिकटला.

मग काय, मी पदर खोचला. कृती साधी आहे. चार कप पाण्यात सहा लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे, पाच-सहा ठेचलेले मिरे, बोटाच्या पेराएवढं आलं आणि गवती चहाची दोन पाती घालून दहा मिनिटं मंद उकळायचं. सुपारीएवढा गूळ घालून गाळायचं. अर्धं लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर, नाहीतर कडवटपणा येतो. हा झाला काढा, आणि तो मुलांपासून आजींपर्यंत सगळ्यांना चालतो. ज्या मोठ्या माणसांना हवी असेल त्यांच्याच पेल्यात व्हिस्की घालायची, तीही मापाने, तीस मिलिलिटर, म्हणजे लहान पेग. भांड्यात घालून गॅसवर कधीही ठेवू नका. तिची वाफ पेट घेते.

काकू, म्हणजे आमच्या चुलत सासूबाई, आधी जरा नाराज होत्या. ह्यांनी परवाना दाखवला तेव्हा कुठे हसल्या. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार दारू बाळगायला नि प्यायला आजही परवाना लागतो, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. सगळ्यांनी वाहवा केली. मला तर अगदी मूठभर मांस चढलं.

रात्री अडीचला भाऊजी बागेत जायला उठले. माझीही झोप चाळवली होती. मोठ्या उत्साहाने मी काढा गरम केला आणि म्हटलं, “भाऊजी, एवढ्या थंडीत जाताय, हे घेऊन जा, अंगात ऊब राहील.” आणि त्या पेल्यात मीच, माप न बघता, सढळ हाताने व्हिस्की ओतली. “वा वहिनी, आता काय थंडी वाजतेय!” म्हणत ते स्वेटरवर जाकीटही न घालता निघाले.

साडेपाच वाजले तरी परतले नाहीत. धाकटा पुतण्या बघायला गेला, तर भाऊजी बांधावर बसलेले. ठिबकची नळी निसटून दोन्ही पाय भिजलेले, समोरची शेकोटी विझलेली, आणि हातात काडेपेटी असून काडी ओढता येत नव्हती. बोलणं अडखळत होतं. “जास्त झाली वाटतं,” असंच आधी सगळ्यांना वाटलं. पण हात लावला तर अंग बर्फासारखं, आणि एवढं गार असून हुडहुडीसुद्धा भरत नव्हती. कुणीतरी म्हणालं, “घोटभर ब्रँडी द्या, गरम होतील.” नशीब, जाऊबाईंनी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते जवळजवळ ओरडलेच, “दारूचा थेंब देऊ नका!” ओले कपडे काढा, कोरड्या घोंगड्यांत गुंडाळा, डोकं झाका, हातपाय रगडू नका, आणि ताबडतोब घेऊन या.

भाऊजी दुपारपर्यंत सावरले. डॉक्टरांनी मला समजावलं तेव्हा माझी मान वर होईना. दारू घेतली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतलं गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते. पण ती ऊब बाहेरच्या गार हवेत उडून जाते आणि आतलं शरीर थंड पडत जातं. हुडहुडी भरणं हा अंग गरम ठेवण्याचा शरीराचा उपाय, तोही दारूने मंदावतो. शिवाय थंडी कळेनाशी होते, म्हणून माणूस जाकीट विसरतो. म्हणजे मी ऊब म्हणून जे दिलं, त्यानेच त्यांची ऊब काढून घेतली होती.

मी जाऊबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अगं, मीही इतकी वर्षं हेच समजत होते.” मैत्रिणींनो, म्हणूनच हे लिहिते आहे. तुमच्या घरी कुणी रात्री शेतावर, पहाऱ्यावर किंवा गाडी घेऊन बाहेर जाणारं असेल, तर दारूचा पेला जाण्याआधी मुळीच नको. घ्यायचाच तर घरात, पांघरुणात, जेवणानंतर, ज्याला रात्री कुठे जायचं नाही त्याने, आणि एकच. झोपेची, दुखण्याची औषधं किंवा खोकल्याचं पातळ औषध चालू असताना नको, गरोदर बाईला नको. आणि सर्दी झाली म्हणून मुलाला चमचाभर ब्रँडी द्यायची जुनी सवय तर सोडूनच द्या.

आता दर हिवाळ्यात जाऊबाई रात्री झोपण्याआधी काढा करतात, बिन-व्हिस्कीचा, गूळ जरा जास्त घालून. थर्मास भरून जाकिटाशेजारी खुंटीला अडकवतात. भाऊजी एकटे जात नाहीत, पुतण्या बरोबर असतो, आणि पायात गमबूट असतात.

पक्षी बघायचे राहिले होते, ते गेल्या वर्षी जमलं. सकाळी धुकं विरत असताना बांधावर बसून आम्ही त्याच थर्मासमधला काढा प्यालो. भाऊजींनी पहिला पेला मला दिला आणि हसून म्हणाले, “वहिनी, माप बघून ओतलाय हं!”