फाउंडेशन

बाबांना शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही. गेली सात-आठ वर्षं येत नाही. बोटांच्या टोकांना बटण लागतच नाही म्हणतात. थंडीच्या दिवसांत पहाटे उठले की उजव्या हाताची मधली दोन बोटं पांढरी पडतात, खडूसारखी. आम्ही डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय. आम्हीही मान डोलावली. सत्तरी उलटलेल्या माणसाला दुसरं काय होणार?

बाबा फोंड्याच्या स्टँडवर पायलट होते. गोव्याबाहेरच्या कुणी हे वाचलं तर विमान डोळ्यांसमोर आणू नये. मोटरसायकलवर मागे भाडं बसवणारा तो आमचा पायलट. पुढचा मडगार्ड पिवळा. बाबांची गाडी नव्वदच्या दशकातली, शंभर सीसीची, टू-स्ट्रोक. धंदा सोडला तरी त्यांनी ती विकली नाही. मी तिचं इंजिन उतरवून पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटी सगळं नवं करून घेतलं, मडगार्डाचा पिवळा रंग काढला, आणि २०२४ च्या जानेवारीत तिला घेऊन नार्नूरला निघालो.

नार्नूर कुठे? आदिलाबाद जिल्ह्यात. पूर्वीचं निजामाचं राज्य, मग आंध्र, २०१४ पासून तेलंगण. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका. पौष पौर्णिमेला नार्नूरला गोंडांमधल्या थोडसम कुळाची खामदेवाची जत्रा भरते. तिथे त्या कुळातली एक लेक, म्हणजे घरच्या पोरांची आत्या, घरी काढलेलं तिळाचं तेल पिते. चमचाभर नव्हे, सुमारे दोन किलो! कुळाचं भलं व्हावं, पीक चांगलं यावं म्हणून. १९६१ पासून हे चालत आल्याचं सांगतात. एकदा व्रत घेतलं की तीन वर्षं करायचं. जिवतीकडे दिलेल्या लेकीही यासाठी माहेरी येतात; त्यांच्या दृष्टीनं मधे राज्याची हद्द वगैरे काही नाही. मला ते पाहायचं होतं. बस-रेल्वेनं जाता आलं असतं, पण बाबांची गाडी लांब न्यायची फार दिवसांची हौस होती.

चोर्ला घाटानं बेळगाव, मग विजापूर, सोलापूर, लातूर, नांदेड. सोलापूरपर्यंत मजा. नंतर ताशी पंचावन्नच्या पुढे गेलं की हँडल गुणगुणायला लागलं. आधी मुंग्या, मग मनगटापर्यंत बधिरपणा. आरशात मागचा ट्रक दिसायचा, पण एक नव्हे, तीन-चार, एकमेकांवर थरथरणारे. लातूरच्या पुढे नंबरप्लेटचा एक बोल्ट पडला. नांदेडला हेडलाइटचा बल्ब गेला. नवा घातला, तोही दुसऱ्या दिवशी गेला. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, चालायचंच. गुडीहतनूरला नागपूर-हैदराबाद हमरस्ता सोडला आणि इंद्रवेल्लीवरून, २० एप्रिल १९८१ च्या गोळीबारात मेलेल्या आदिवासींचा तो स्तंभ पाहून, उटनूरकडे वळलो. आता अ‍ॅक्सिलेटर सोडला की खालून ‘खट्ट’ आणि दिला की पुन्हा ‘खट्ट’ असा आवाज सुरू झाला.

जत्रा पाहिली. गर्दीत मागून, टाचा उंच करून. त्यावर वेगळं लिहीन. इथे सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

नार्नूरच्या रस्त्यावर एक टपरीवजा गॅरेज होतं. पाटी तेलुगूत, म्हणून मी हिंदीत सुरुवात केली. मिस्त्री पन्नाशीचे. त्यांनी गाडीचा नंबर पाहिला आणि सरळ मराठीत विचारलं, “गोव्याचे काय भाऊ? तिकडं मराठी बोलतेत?” मी म्हटलं, बोलतात, लिहितात, त्यावरून भांडतातही. ते हसले. पोऱ्याशी ते तेलुगूत बोलत होते, ट्यूब घेऊन आलेल्या म्हाताऱ्याशी गोंडीत, फोनवर हिंदीत. आम्ही दोन भाषांवरून १९८७ चा राजभाषा कायदा होऊन गेल्यावरही अजून दमलेलो नाही. असो.

मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली, सुरू केली आणि नुसता हात फ्रेमवर ठेवला. आधी सीटखाली, मग टाकीखाली, मग पुढच्या नळीवर. डॉक्टर पाठीवर हात ठेवतात तसा. गाडी बंद करून टॉमी घेतली, इंजिन आणि फ्रेमच्या मधे घालून दाबली. मागच्या बाजूनं इंजिन चांगलं बोटभर हललं. पुढून जागचं हललंच नाही.

“फाउंडेशन गेलं,” म्हणाले.

आमच्याकडेही गॅरेजवाले इंजिनाच्या बैठकीला फाउंडेशनच म्हणतात. जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडावा. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. मिनिटाला पाच हजार फेरे असतील तर दहा हजार वेळा थांबतो, आणि प्रत्येक वेळी सगळ्या इंजिनाला धक्का देतो. तो मारायला क्रँकला उलट बाजूनं वजन देतात. पण पूर्ण वजन दिलं तर वर-खालचा धक्का जातो आणि तेवढाच पुढे-मागे सुरू होतो. म्हणून साधारण अर्ध्यावर तडजोड करतात, आणि उरलेली थरथर कुठेतरी जिरवावी लागते. जुन्या बुलेटमध्ये ती जिरवतच नाहीत. तिथे इंजिन फ्रेमचाच एक भाग, सरळ लोखंडाला लोखंड, आणि बुलेटवाले त्या थरथरीला रुबाब म्हणतात. इंग्लंडात नॉर्टन कंपनीनं १९६७ साली कमांडो गाडी काढली तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा चिमटा असं सगळं एकत्र रबरावर टांगलं होतं. बाबांच्या गाडीत त्याची लहानशी, साधी आवृत्ती: बोल्ट लोखंडी नळीतून जातो, नळीभोवती रबर, रबराभोवती पुन्हा लोखंडी कडं. एवढासा बुश, मुठीत दोन मावतील. थरथर त्यानं खायची.

मी इंजिन सगळं नवं केलं होतं. ते कशावर बसलंय हे मी पाहिलं नव्हतं, आणि ज्यांना पैसे दिले त्यांनीही नाही.

मिस्त्रींनी इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली जॅक लावला, वजन उचललं न उचललंसं केलं. सायलेन्सर सोडला, चेन काढली. मागचा बोल्ट हातोडीच्या दोन ठोक्यांत आला. बुश काढायला त्यांच्याकडे प्रेस नव्हतं. एका बाजूला पाईपचा रुंद तुकडा, दुसऱ्या बाजूला नेमक्या मापाची गोटी, मधून लांब बोल्ट, आणि नट आवळत नेला. चुर्रर्र करत बुश पाईपमध्ये सरकला. रबर फुगून मऊ पडलं होतं, नखानं निघत होतं. वर्षानुवर्षं गिअरबॉक्सचं तेल झिरपून ते प्यायलं होतं. रबराला खनिज तेल पचत नाही. “काल त्या बाईनं तेल पेलं तं कुळाचं भलं झालं,” मिस्त्री म्हणाले, “आन् ह्यानं पेलं तं तुमचं असं झालं.”

मग पुढचा बोल्ट. तो निघाल्यावर त्यांनी भोकात बोट घातलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता टॉर्च माझ्या हातात दिला. आत रबर नव्हतंच. लेथवर मापात कातलेला लोखंडी पाईप ठोकून बसवला होता. कारागिरी चोख! म्हणून मागचा बुश मऊ आणि पुढे लोखंड. इंजिनाची सगळी थरथर पुढून फ्रेमच्या नळीत, नळीतून वर, आणि वर हँडल. ज्या पट्टीला तो बोल्ट लागतो तिच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती. रबरानं सोसलं नाही म्हणून लोखंडाला सोसावं लागलं.

“कोन चालवत होतं ही गाडी?” मिस्त्रींनी विचारलं.

“वडील. धंद्याला.”

“हात बरे हायेत त्यायचे?”

मी त्या ओट्यावर बसलो. पाणी मागितलं.

नंतर घरी येऊन वाचलं. १९१८ साली अ‍ॅलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरबाईंनी अमेरिकेत इंडियानातल्या चुनखडीच्या खाणींत हवेचे हातोडे चालवणाऱ्या कामगारांचे हात तपासले होते. थंडीत पांढरी पडणारी बोटं, बधिर टोकं. सततची थरथर बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडवते. शंभर वर्षांपूर्वीची माहिती. बाबांचं तेच आहे असं मी छातीठोक म्हणत नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे नेतोय. पण मुंग्या येतात, असं ते मला धंद्यावर असतानाच सांगायचे, जेवताना, भात कालवता कालवता. मी म्हणायचो, तुम्ही हँडल फार घट्ट धरता.

बुश नार्नूरला मिळाले नाहीत. मिस्त्रींनी आदिलाबादच्या दुकानाला फोन केला, दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं पुडकं आलं. तोवर शेजारच्या वेल्डरनं चीर भरून दिली. मी तोपर्यंत सुचवून पाहिलं होतं की जुन्या टायरचं रबर कापून बसवा, मला निघायचंय. मिस्त्री म्हणाले, “घाईचं काम तुमच्या गाडीत एकदा झालंच हाय ना.”

नवे बुश बसवताना त्यांनी ग्रीस लावलं नाही, साबणाचं पाणी लावलं. पोऱ्यानं तेलाचा डबा पुढे केला तर त्याच्या हातावर चापट. बोल्ट घातले, नट नुसते हातानं फिरवले, जॅक काढला, गाडी चाकांवर उभी केली. मला वर बसवून दोन-चारदा दाबायला लावलं आणि मगच पाना घेतला. इंजिन टांगलेलं असताना आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. हे मला ठाऊक नव्हतं. गाडीवर बसून मी इतकी वर्षं कॉलेजला गेलो होतो.

मजुरी त्यांनी पाचशे सांगितली. मी जास्त देऊ लागलो तर परत केले. जुने बुश आणि तो पाईप मात्र मी मागून घेतला. घरी जाऊन बाबांना दाखवायचा होता, म्हणजे कुठल्या हरामखोरानं हे केलं ते त्यांना आठवेल, असा माझा बेत.

परतीचे जवळपास नऊशे किलोमीटर काय सांगू? लातूरला थांबलो तेव्हा हात माझेच होते.

फोंड्याला पोचलो त्या संध्याकाळी बाबा व्हरांड्यात होते. मी पिशवी उपडी केली. त्यांनी पाईप उचलला, तळहातावर फिरवला. बोटांना कळत नाही म्हणून ते हल्ली सगळं तळहातावर घेतात.

“हो हांवेंच घाल्लो,” म्हणाले.

त्या साली बुश गेला होता. पणजीला मिळत नव्हता, आठ दिवस लागतील म्हणाले. सीझन चालू होता, माझी फी भरायची होती. लेथवाल्यानं अर्ध्या तासात पाईप कातून दिला. “आठ दीस गाडी बंद म्हणल्यार आठ दिसांची जोड गेली. मागीर घालूंया म्हणलें रबर.” मागीर राहून गेलं.

मी काही बोललो नाही. त्यांनी चावी मागितली. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन दिली. किकला त्यांचा पाय आता पोचत नाही, मीच मारली. बाबा वर बसले, दोन्ही हात मुठींवर ठेवले, हळूहळू अ‍ॅक्सिलेटर वाढवला, सोडला, पुन्हा वाढवला. मग म्हणाले, “आरसो पळे.”

आरशात मागचा फणस दिसत होता, एकच, पानं मोजता येतील असा. बाबांनी गाडी बंद केली. वारा सुटला होता, म्हणून बटण लावायला मला जवळ बोलावलं.